संत्र्याचा बगीचा, अंगठा आणि इसार

प्रश्न : ताई, नमस्कार. मोर्शी तालुक्यात माझा चारशे झाडांचा संत्र्याचा बगीचा आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूरचा एक व्यापारी आंबिया बहार पाहून गेला. संध्याकाळी त्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, ‘बगीचा उक्ता (सगळा मिळून एकरकमी) ५ लाख ६० हजारात घेतो, कळवा.’ मी रात्री लिहिलं, ‘५ लाख ६० मंजूर. पण तोड २५ नोव्हेंबरच्या आत, आणि तोडीआधी पूर्ण पैसे.’ त्यावर त्याने नुसता अंगठा टाकला. तिसऱ्या दिवशी त्याचा रखवालदार बगीच्यात राहायला आला. मग पावसाची झड लागली, फळगळ झाली, आणि रखवालदार न सांगता निघून गेला. व्यापारी आता म्हणतो, ‘इसार देल्लाच नाही, तं सौदा कायचा? पायजे तं नागपूरच्या कोर्टात ये.’ दुसरा व्यापारी ३ लाख ८० हजारांच्या वर जायला तयार नाही. माझा सौदा झाला होता की नाही?

उत्तर : भाऊ, माझ्या मते झाला होता. फक्त तुम्हाला वाटतं त्या क्षणी तो झाला नाही, आणि तुमची सगळी केस त्या फरकावर उभी राहणार आहे.

आपला करार कायदा १८७२ सालचा आहे. त्यातलं कलम ७ म्हणतं की स्वीकार हा पूर्ण आणि बिनशर्त असला पाहिजे. व्यापाऱ्याने किंमत सांगितली तो झाला प्रस्ताव. तुम्ही ‘मंजूर’ लिहिलंत, पण त्याच ओळीत तोडीची तारीख आणि पैशांची अट घातलीत. या दोन्ही गोष्टी त्याच्या मेसेजमध्ये नव्हत्या. त्यामुळे तुमचं उत्तर स्वीकार ठरत नाही, तो तुमच्याकडून गेलेला नवा प्रस्ताव ठरतो. त्याचा जुना प्रस्ताव तिथेच संपला. त्या रात्री तो ‘जमत नाही’ म्हणाला असता, तर तुम्हाला काहीही करता आलं नसतं.

पण तो तसं म्हणाला नाही. त्याने अंगठा टाकला. तुमच्या दोन्ही अटी वाचून टाकला.

नुसत्या अंगठ्याला स्वीकार मानायचं का? कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात अगदी अशीच केस झाली, तीही शेतकऱ्याची. धान्य खरेदीदाराने जवसाच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवून ‘कन्फर्म करा’ म्हटलं, शेतकऱ्याने अंगठा पाठवला आणि पुढे भाव वाढल्यावर माल दिला नाही. २०२३ साली तिथल्या कोर्टाने तो अंगठा स्वीकार धरला आणि शेतकऱ्याला ८२ हजार डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. त्या दोघांचे आधीचे सौदे असेच दोन शब्दांच्या उत्तरावर पार पडले होते, हे कोर्टाने पाहिलं. परदेशातला हा निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही. म्हणून या व्यापाऱ्याने मागच्या वर्षी तुमचा किंवा शेजाऱ्याचा बगीचा असाच मेसेजवर घेतला असेल, तर ते मेसेज शोधून काढा.

तरीही मी एकट्या अंगठ्यावर दावा उभा करणार नाही. माझा भर रखवालदारावर राहील. करार तोंडाने होतो, लिहून होतो, तसा वागण्यातूनही होतो. कलम ९ मध्ये ते स्पष्ट आहे. दुसऱ्याच्या बगीच्यात स्वतःच्या खर्चाने कोणी रखवालदार बसवत नाही. तो किती रात्री राहिला, कुठल्या झाडाखाली ताडपत्री बांधली, त्याचा डबा कोणाकडून यायचा, मजुरी कोण द्यायचं, हे आजच लिहून ठेवा. धुऱ्यापलीकडच्या ज्या शेतकऱ्याने त्याला पाहिलं, त्याची साक्ष मोलाची आहे. बगीच्यात काढलेला एखादा फोटो असेल आणि मागे त्याचा बिछाना दिसत असेल, तर तोही काढून ठेवा.

आता इसाराचं. इसाराशिवाय सौदा होत नाही ही समजूत आपल्या वऱ्हाडात इतकी घट्ट आहे की शिकलेली माणसंही ती कायदा म्हणून सांगतात. करार कायद्यात अशी अट कुठेही नाही. इसार हा सौद्याचा चांगला पुरावा आहे, एवढंच. मला खरा राग येतो तो या गोष्टीचा, की भाव चढला तर हाच व्यापारी ‘जबान दिली होती’ म्हणत दारात उभा राहतो, आणि फळ गळलं की त्याला इसार आठवतो. जबान दोन्ही बाजूंनी सारखीच बांधते.

कोर्टाबद्दल त्याने घातलेली भीतीही मनातून काढा. दावा कुठल्या कोर्टात चालणार, या प्रश्नावरचा सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निकाल आपल्या खामगावच्या सौद्यावरच आहे. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी खामगावच्या एका जिनिंग आणि ऑइल मिलशी ट्रंककॉलवर सरकीच्या ढेपीचा सौदा केला. ढेप मिळाली नाही म्हणून त्यांनी अहमदाबादेत ३१,१५० रुपयांचा दावा लावला. खामगाववाले म्हणाले, आम्ही ‘हो’ खामगावातून म्हटलं, दावा इथेच चालला पाहिजे. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवलं की फोनवरच्या सौद्यात प्रस्ताव मांडणाऱ्याला जिथे होकार ऐकू येतो, तिथे करार होतो. म्हणजे दावा अहमदाबादेत चालेल. न्यायमूर्ती हिदायतुल्ला मात्र वेगळं मत देऊन गेले. ते पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. १८७२ च्या कायद्याची भाषा पाहता करार खामगावलाच झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचा निकाल वाचताना आजही पटतो, पण चालतं ते बहुमत.

तुमच्या बाबतीत शेवटचा प्रस्ताव तुमचा, आणि त्याला होकार आला तो मोर्शीत तुमच्या हातातल्या मोबाइलवर. शिवाय बगीचा तिथे, तोड तिथे, पैसे तिथे द्यायचे. दाव्याच्या कारणाचा काही भाग जिथे घडला तिथे दावा लावता येतो. मोर्शीचं कोर्ट सोडू नका.

एक बाजू कच्ची आहे, तीही सांगते. माल ज्याच्या मालकीचा, नुकसान त्याचं, हा विक्रीचा साधा नियम आहे, वेगळं ठरलं असेल तर गोष्ट वेगळी. समोरचा वकील म्हणेल की तोडीआधी पूर्ण पैसे ही अट तुमचीच, म्हणजे तोपर्यंत फळ तुमचंच होतं आणि गळही तुमचीच. आपण म्हणू की बहार पाहून, गळीचा अंदाज धरूनच बगीचा उक्ता मागितला जातो, आणि राखण त्याने आपल्या हाती घेतली होती. या मुद्द्यावर पूर्ण रक्कम पदरात पडेलच असं मी तुम्हाला सांगणार नाही.

बगीचा झाडावर सडू देऊ नका. नुकसान कमी करण्याची जबाबदारी कायदा तुमच्यावरही टाकतो. आधी स्पीड पोस्टाने नोटीस द्या की अमुक दिवसांत पैसे देऊन माल उचला, नाहीतर दुसऱ्याला विकून फरक तुमच्याकडून घेऊ. मग ३ लाख ८० हजारात द्या. उरलेल्या १ लाख ८० हजारांचा दावा करार कायद्याच्या कलम ७३ (करार मोडल्याची भरपाई) खाली लावायला करार मोडल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. मोबाइल बदलू नका, ते चॅट पुसू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते तुमचा वकील तयार करून देईल.

प्रश्न : बाजार समितीत कापसाच्या हर्रासात जो भाव बोलला गेला, तो जिनिंगवर गाडी गेल्यावर ‘कवडी (किडका, खराब कापूस) जास्त आहे’ म्हणून क्विंटलमागे ३०० रुपयांनी कमी केला. हे चालतं का? (वर्धा जिल्हा)

उत्तर : हर्रासातली बोली हा प्रस्ताव असतो. बोली तुटेपर्यंत, म्हणजे सौदा पक्का झाल्याचं जाहीर होईपर्यंत, व्यापारी ती मागे घेऊ शकतो. एकदा तुटली की १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे विक्री पूर्ण. जिनिंगवर सांगितलेला कमी भाव हा त्याचा नवा प्रस्ताव आहे, आणि तुम्ही नाही म्हणू शकता. वर दाखवलेला आणि आतला कापूस खरोखर वेगळा निघाला, तर मात्र त्याचं ऐकावं लागेल. पण अडचण कायद्याची नसते. रात्र झालेली असते, भाड्याची गाडी उभी असते, ड्रायव्हर घाई करत असतो, आणि कमी भावाच्या पट्टीवर (हिशोबाच्या पावतीवर) सही होते. ती सही म्हणजे तुमचा स्वीकार. म्हणून गाडी रिकामी होण्याआधी बोला. गाडी अर्धी खाली झाल्यावर भाव तोडायला लागले तर काम थांबवा आणि तिथूनच समितीच्या सचिवाला फोन करा. सही करावीच लागली तर ‘भाव अमान्य, हरकत राखून’ असं स्वतःच्या अक्षरात लिहा, पट्टीचा फोटो काढा, आणि दुसऱ्या दिवशी समितीत लेखी तक्रार देऊन पोच घ्या.

प्रश्न : गावातल्या एकाने मेसेज केला, ‘रविवारपर्यंत नाही कळवलं तर तुमची बैलजोडी ९० हजारात माझी समजतो.’ मी उत्तरच दिलं नाही. आता तो जोडी मागतो. (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : जोडी तुमचीच आहे. गप्प राहणं म्हणजे होकार, असं कोणालाही परस्पर ठरवता येत नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली एका काकाने पुतण्याच्या घोड्याबद्दल असंच पत्र लिहिलं होतं, ‘पुढे काही कळवलं नाहीस तर घोडा माझा’, आणि तो कोर्टात हरला. फक्त त्याच्याकडून इसार म्हणून पाचशे रुपयेही घेऊ नका, आणि घेतले असतील तर आजच्या आज परत करा. बैल ‘दोन दिवस पाहायला’ म्हणूनही त्याच्या गोठ्यात बांधू नका.