दुसरीतल्या मुलाला सौम्य सेरेब्रल पाल्सी आहे. व्यवसायोपचार शाळेच्या वर्गातच करता येतो का?

होय, आणि या वयात व्यवसायोपचाराचा (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे लिहिणे, बसणे, खाणे अशी रोजची कामे जमावीत यासाठीची थेरपी) बराचसा भाग वर्गातच व्हायला हवा. "आधी थेरपी पूर्ण करा, मग मुलाला पाठवा," असे शाळेने आपल्याला सांगितल्याचे आपण लिहिले आहे. परंतु सेरेब्रल पाल्सीत (मेंदूतील इजेमुळे हालचाल व तोल यांवर परिणाम होणाऱ्या स्थितीत) थेरपी पूर्ण होण्याचा असा टप्पा नसतो, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 16 नुसार मान्यताप्राप्त शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश देणे व गरजेनुसार सोयी करणे अपेक्षित आहे.

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ आहे. वर्गात गेल्यावर मी आधी मुलाचे पाय पाहते. बाक उंच असला की पाय लोंबकळतात, कंबर पुढे घसरते, मूल एका हाताने बाक धरून तोल सांभाळते आणि वही धरायला हातच उरत नाही. मग अक्षर वाईट म्हणून बोलणी मात्र त्याला बसतात. पायांखाली टणक पाट किंवा खोके ठेवून घोटे, गुडघे आणि कंबर साधारण काटकोनात आणावी. वहीखाली जाड बॉक्स फाइल आडवी ठेवली की पुरेसा उतार मिळतो. महागडा तिरका बोर्ड घेण्याची घाई करू नये.

फळ्यावरून उतरवून घेताना मान वारंवार वर-खाली होते आणि ओळ हरवते, म्हणून तोच मजकूर कागदावर लिहून बाकावर द्यावा. दहा शब्दांऐवजी चार लिहून घ्यावेत, उरलेले तोंडी विचारावेत. ही सवलत दिल्यास इतर मुले तक्रार करतील, अशी भीती शिक्षकांना वाटते. माझ्या अनुभवात तक्रार आली तर ती पालकांकडूनच येते.

मधल्या सुट्टीतला डबा हाही उपचारच आहे. बाईंनी झाकण जवळजवळ उघडून द्यावे आणि शेवटचा झटका मुलाने द्यावा. तेवढे जमले की त्याआधीची पायरी त्याच्याकडे सोपवावी.

स्नायूंचा ताठरपणा, स्प्लिंट (हात-पाय योग्य स्थितीत ठेवणारा आधार) यांसाठी दवाखान्यात जावेच लागेल. मात्र आपल्या तज्ज्ञांना एकदा प्रत्यक्ष वर्ग पाहायला न्यावे आणि वर्गशिक्षकांना रोज करता येतील अशा दोन-तीनच गोष्टी लिहून द्यायला सांगाव्यात. शाळा जिल्हा परिषदेची असेल, तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेअंतर्गत तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांना भेटावे. जूनमध्ये वर्ग आणि बाक दोन्ही बदलतात, तेव्हा बसण्याची मांडणी पुन्हा तपासून घ्यावी.