बाथ बॉम्ब करताय? आधी हवा बघा

बाथ बॉम्ब म्हणजे अंघोळीच्या पाण्यात टाकला की फसफसत विरघळणारा गोळा. पहिलाच प्रयोग असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये घाट घालू नका. कोकणपट्टीच्या दमट हवेत गोळे साच्यातच फुगतात. थंडीत करा.

दोन वाट्या खायचा सोडा (धुण्याचा नव्हे, तो कातडीला झोंबतो), एक वाटी सायट्रिक ॲसिड, अर्धी वाटी कॉर्नफ्लॉवर, दोन चमचे खोबरेल. पाणी स्प्रेनेच, अगदी बेताने. मुठीत दाबल्यावर मिश्रण लाडवासारखं वळलं की थांबा. फसफस ऐकू आली तर पाणी जास्त झालंय.

विज्ञान प्रकल्पासाठी करत असाल तर वहीत हिशोब मात्र वजनाने लिहा, परीक्षक हटकून तेच विचारतात. निर्जल सायट्रिक ॲसिडच्या १९२ ग्रॅमला २५२ ग्रॅम सोडा लागतो. आपण सोडा जास्त घेतो, म्हणजे आम्ल शिल्लक राहत नाही.

बाथटब कोणाकडे असतो? बादली चालेल. सारख्या वजनाचे गोळे गार, कोमट आणि गरम पाण्यात टाकून वेळ मोजा. निघणारा वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडा. ती दुधाळ झाली की कार्बन डायऑक्साइड सिद्ध. ताजे गोळे घट्ट झाकणाच्या बरणीत कोंडू नका, ओल राहिली असेल तर झाकण उडतं.