‘असता’ दोनदा, ‘वुड’ मात्र एकदाच

प्रश्न असा आला आहे: स्पर्धा परीक्षेच्या सरावात ‘इफ शी ---- मी, आय वुड हॅव हेल्प्ड हर’ या वाक्यात ‘वुड हॅव आस्क्ड’ हा पर्याय निवडला, तो चुकला. उत्तरसूचीत ‘हॅड आस्क्ड’ आहे. दोन्हीकडे अर्थ तोच, मग एकीकडे ‘वुड हॅव’ का नाही?

तुम्ही हा पर्याय का निवडलात ते वाक्य मराठीत म्हणून पाहिलं की लगेच कळतं. ‘तिने विचारलं असतं, तर मी मदत केली असती.’ आपल्याकडे ‘असतं’ अटीलाही लागतं आणि परिणामालाही. जे घडलंच नाही त्याची खूण मराठी दोन्ही बाजूंना सारखीच करते. इंग्रजी तसं करत नाही. तिथे ‘वुड’ परिणामाच्या वाट्याला येतो आणि अटीचं क्रियापद काळात एक पायरी मागे सरकतं: ‘आस्क्ड’चं ‘हॅड आस्क्ड’. (बोलताना अनेक अमेरिकन लोक ‘इफ’नंतरही ‘वुड हॅव’ म्हणतात. परीक्षेत मात्र ते चूकच धरतात.)

याच्या उलट फसगत खुल्या अटीत, म्हणजे जी गोष्ट अजून घडू शकते तिच्या अटीत होते. ‘तू आलास तर मी येईन’ यातलं ‘आलास’ रूपाने भूतकाळी, पण गोष्ट उद्याची. त्याचं शब्दशः ‘इफ यू केम’ करू नका. पुढे ‘आय विल कम’ असेल तर ‘इफ यू कम’च हवं. म्हणून मी आधी गाळलेल्या जागेकडे बघतच नाही, परिणामाचं वाक्य वाचतो. तिथे ‘विल’ असेल तर अटीत साधा वर्तमानकाळ, ‘वुड हेल्प’ असेल तर साधा भूतकाळ, ‘वुड हॅव हेल्प्ड’ असेल तर ‘हॅड’. फक्त ‘नाउ’, ‘टुडे’ असे शब्द दिसले की थांबा. ‘काल पाऊस पडला असता, तर आज जमीन ओली असती’ याचं इंग्रजी ‘इफ इट हॅड रेन्ड यस्टरडे, द ग्राउंड वुड बी वेट टुडे’ असं होतं. इथे ‘वुड बी’ आहे, तरीही अटीत ‘हॅड’, कारण पाऊस कालचा.

‘इफ’नंतर ‘वुड’ कधीच येत नाही, हे क्लासमधलं वाक्य मात्र पूर्ण खरं नाही. ‘इफ यू वुड वेट अ मोमेंट’ ही विनंती आहे, ‘आपण जरा थांबाल तर बरं’ या सुरातली, आणि ती शुद्ध आहे.

आणखी एक रूप पेपरात हमखास येतं. आपण ‘जर’ सहज गाळतो, ‘तर’ ठेवतो. इंग्रजीत ‘इफ’ गाळला की ‘हॅड’ उचलून पुढे आणावा लागतो: ‘हॅड शी आस्क्ड मी, आय वुड हॅव हेल्प्ड हर.’ वाक्य ‘हॅड’ने सुरू झालं म्हणून तो प्रश्न समजू नका.