चवथीपूर्वी जुन्या पेव्हरवर गोट्यांचा रेझिन थर घालून घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा: पर्वरीला 20 चौरस मीटर अंगण आहे, पावसाने उघडीप दिली की जुन्या पेव्हरवरच रेझिनमध्ये (दोन भाग मिसळले की घट्ट होणारा चिकट द्रव) घोळलेल्या बारीक गोट्यांचा थर घालून दोन दिवसांत काम उरकतो असं कंत्राटदार म्हणतो, ऐकावं का? नका ऐकू.

पेव्हर सुटे असतात. खालची वाळू जराशी बसली की ते हलतात आणि वरच्या थराला नेमक्या त्याच सांध्यांवर चिरा जातात. ते काढून 100 मिमी काँक्रीट घाला, वरून झाडू फिरवून खरखरीत ठेवा आणि 28 दिवस जाऊ द्या. थरातून पाणी झिरपतं, काँक्रीटमधून नाही. म्हणून गटाराकडे 80 ला 1 उतार हवाच. काँक्रीटमधले सांधे वरच्या थरातही त्याच रेषेत घ्या.

आता पावसाचं. बाहेरच्या कामाला यूव्ही-स्थिर, म्हणजे उन्हात न बिघडणारं, पॉलियुरेथेन रेझिनच घ्या, साधं इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं. पण पॉलियुरेथेनला ओल्याचं वावडं. पाण्याशी संबंध आला की कार्बन डायऑक्साइड सुटतो, रेझिन फेसाळतं, वर पांढुरकी झाक येते आणि काही महिन्यांत गोटे सुटे होऊन पायाखाली येतात. ऑगस्टमध्ये ऊन पडलं तरी काँक्रीटच्या पोटात ओल असतेच. पाहायचं असेल तर दीड फूट चौरस प्लॅस्टिक चारी कडांनी टेपने चिकटवून 16 तास ठेवा. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळवंडलं, तर थांबा. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांवर असेल तरीही थांबा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारी उत्तम, तेही दव पूर्ण उडाल्यावर, आणि सायंकाळची ओल धरायच्या आत हात आवरता येईल असं.

माल: 2 ते 5 मिमीचे गोटे, थर 18 मिमी. म्हणजे चौरस मीटरला साधारण 32 किलो, तुम्हाला एकूण 640 किलो. फुटतूट धरून 700 मागवा. 100 किलो गोट्यांना 7 ते 7.5 किलो रेझिन. गोटे धुतलेले आणि भट्टीत सुकवलेले हवेत. किनाऱ्यावरचे फुकटचे गोटे नकोत. त्यांत मीठ असतं, शिवाय सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्रात, वाळू-दगड काढायला बंदी आहे. चिऱ्याची खडीही नको, ती मऊ असते, पाणी पिते.

रेझिनचे दोन्ही भाग आधी एकत्र ढवळा, मग गोट्यांवर ओता. प्रत्येक खेपेला मिक्सर घड्याळ लावून तेवढाच वेळ फिरवा, नाहीतर अंगणात रंगाचे पट्टे दिसतात. गोव्याच्या उन्हात हाताशी वीसेक मिनिटंच मिळतात, म्हणून एकाने मिसळायचं आणि दोघांनी थापी धरायची. थापी चिकटते म्हणून सॉल्व्हंटमध्ये बुडवून चालवणारे भेटतील. त्याने वरचं रेझिन पातळ होतं. सॉल्व्हंट लावलेल्या फडक्याने जेमतेम पुसली तरी पुरे.

पागोळ्या पडतात त्या पट्ट्यात शेवाळ धरणारच. तिथे थर ओला असतानाच काचेचा बारीक चुरा भुरभुरून घ्या, म्हणजे पाय घसरणार नाही. चालायला 24 तास, गाडी आणायला तीन दिवस.