कलेक्टरचा अर्ज राहू द्या, हंटिंग लायसन्सची तारीख बघा

मेरीलँडहून एका वाचकांचं पत्र आहे. ते एच-वन-बी व्हिसावर आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी डीलरकडून रीतसर एक जुनं कोल्ट पिस्तूल घेतलं, आता तशीच आणखी दोन मिळताहेत. पण राज्याच्या कायद्याने ३० दिवसांत एकच पिस्तूल घेता येतं. म्हणून स्टेट पोलिसांकडे ‘डेझिग्नेटेड कलेक्टर’, म्हणजे शस्त्रांचा मान्यताप्राप्त संग्राहक, होण्याचा अर्ज कसा भरायचा, असं त्यांनी विचारलंय. पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय: ‘तेव्हा काढलेलं हंटिंग लायसन्स संपलं. शिकारीला जात नाही, म्हणून पुन्हा काढलं नाही.’

तुमचं सगळं प्रकरण या शेवटच्या ओळीत आहे.

नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर आलेल्या माणसाला संघीय कायद्याने बंदूक विकत घ्यायलाच नव्हे, जवळ बाळगायलाही बंदी आहे. एच-वन-बी त्यातच मोडतो. या बंदीला मोजके अपवाद आहेत आणि तुमच्या उपयोगाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. शिकारीला जाता की नाही, हे कोणी विचारत नाही. लायसन्सची मुदत संपली त्या दिवशी तुमचा अपवाद संपला, आणि पिस्तूल मात्र कपाटात तसंच राहिलं. या गुन्ह्याची कमाल शिक्षा २०२२ मध्ये १० वर्षांवरून १५ वर्षांवर गेली आहे. व्हिसावरच्या माणसाला वर हद्दपारीची टांगती तलवार.

हे लिहिताना मला खरंच राग येतोय. अशी पत्रं मला वरचेवर येतात आणि प्रत्येकात हेच: पिस्तुलाच्या तेलपाण्याची काळजी आहे, लायसन्सची तारीख मात्र कोणी बघितलेली नाही. घरबसल्या ऑनलाइन होणारं काम होतं हो!

‘ग्रीन कार्डचा अर्ज भरलाय, मग?’ असंही पुष्कळ जण विचारतात. भारतीयांची ही रांग किती वर्षांची आहे ते मला सांगायला नको, आणि ती अन्यायाची आहे असं माझं मत आहे. पण कार्ड मंजूर होईपर्यंत स्वतःला नॉनइमिग्रंटच धरून चाला. ‘नियम माहीत नव्हता’ यावरही विसंबू नका. २०१९ च्या रेहाफ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, आपण बंदी असलेल्या वर्गात आहोत हे आरोपीला माहीत होतं, असं सरकारला सिद्ध करावं लागेल. तुम्ही एच-वन-बीवर आहात हे तुम्हाला पक्कं माहीत आहे.

म्हणून अर्ज आत्ता पाठवू नका. त्यात खोटं तर अजिबात लिहू नका, तो वेगळा गुन्हा होईल. लायसन्स आजच काढा. त्याने पुढचा काळ सावरेल. मधल्या महिन्यांचं काय, हे सरकारी वकिलाच्या मर्जीवर आहे आणि त्याची हमी मी देणार नाही. त्यासाठी फौजदारी आणि इमिग्रेशन, दोन्ही बाजू जाणणाऱ्या स्थानिक वकिलाला आधी भेटा. तोवर पिस्तूल मित्राकडे ठेवायला देऊ नका. मेरीलँडमध्ये पिस्तुलाचं हस्तांतर डीलर किंवा पोलिसांमार्फतच करावं लागतं, नाहीतर मित्रही अडकेल.

कलेक्टरचा दर्जा मिळाला तरी त्याने फक्त ३० दिवसांची अट सुटते. पार्श्वभूमी तपासणी आणि ७ दिवसांची थांबणूक कायम राहते, आणि व्हिसाच्या बंदीला तर हा दर्जा स्पर्शही करत नाही. ५० वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठी संघीय सरकार देतं ते कलेक्टर लायसन्स वेगळं. दोन्हींची गल्लत करू नका.

जुन्या शस्त्रांची ओढ मी समजू शकतो. १८९८ पर्यंत बनलेलं शस्त्र संघीय कायद्याच्या लेखी ‘अँटिक’ ठरतं आणि ही बंदी त्याला लागत नाही. तुमचं कोल्ट १९११ मॉडेलचं, म्हणजे ते त्यात बसत नाही. वकिलाकडे जाताना त्याची खरेदीपावती, जुनं हंटिंग लायसन्स आणि आय-७९७ (व्हिसा-अर्ज मंजुरीची सरकारी नोटीस) सोबत न्या.