हिटलरच्या बर्लिनमध्ये फ्रान्सचे राजदूत असलेल्या आंद्रे फ्रान्स्वा-पाँसे यांचे युद्धकाळात काय झाले?

चेकोस्लोव्हाकियाचा प्रदेश जर्मनीला देणाऱ्या 1938 च्या म्यूनिक कराराच्या वेळी फ्रेंच पंतप्रधान दलादिए यांच्यासोबत असलेले राजदूत कोण होते आणि युद्ध सुरू झाल्यावर ते कुठे गेले, असे आपण विचारले आहे. थोडक्यात सांगायचे तर ते राजदूत म्हणजे फ्रान्स्वा-पाँसे; युद्ध सुरू झाले तेव्हा ते रोममध्ये राजदूत होते आणि युद्ध संपले तेव्हा जर्मनांच्या कैदेत होते. मी स्वतः जर्मन भाषेचा विद्यार्थी असल्याने या माणसाविषयी मला विशेष आस्था वाटत आली आहे, कारण राजकारणात येण्यापूर्वी तेही जर्मनचे अभ्यासक होते.

त्यांचा जन्म 13 जून 1887 रोजी पॅरिसच्या आग्नेयेस असलेल्या प्रोव्हँ या गावी झाला. पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामवंत संस्थेत शिकून त्यांनी जर्मनच्या अध्यापनाची सर्वोच्च परीक्षा दिली आणि जर्मन साहित्यिक ग्योथच्या एका कादंबरीवर समीक्षाग्रंथही लिहिला. पहिल्या महायुद्धात ते पायदळात अधिकारी होते. पुढे उद्योगपतींसाठी आर्थिक वार्तापत्र, मग 1924 पासून खासदारकी असे टप्पे घेत 1931 मध्ये ते बर्लिनला राजदूत म्हणून पोहोचले. नाझी सत्तेवर येण्याआधी दीड वर्ष ते तेथे होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण जर्मन प्रजासत्ताकाचा अस्त त्यांनी जवळून पाहिला. फ्रेंच दूतावास ब्रांडेनबुर्ग दरवाजाशेजारच्या चौकातच होता आणि हिटलर सत्तेवर आला त्या 30 जानेवारी 1933 च्या रात्री मशाली घेतलेली मिरवणूक त्यांच्या खिडक्यांखालूनच गेली.

हिटलरशी ते दुभाष्याशिवाय बोलत आणि बर्लिनमधील परदेशी राजदूतांपैकी हिटलरला ते बरेच आवडत. परंतु या जवळिकीमुळे त्यांची नजर अधू झाली, असे मला वाटत नाही. पश्चिम जर्मनीतील ऱ्हाइनलँड या करारान्वये सैन्यमुक्त ठेवलेल्या प्रदेशात हिटलर सैन्य घुसवणार आणि त्यासाठी फ्रान्स व सोव्हिएत संघ यांच्यातील कराराचे निमित्त करणार, हे त्यांनी 1935 च्या अखेरीसच पॅरिसला कळवले होते, आणि 7 मार्च 1936 रोजी नेमके तसेच घडले. पॅरिसमधील सरकारने त्या इशाऱ्याचा उपयोग केला नाही, हा दोष राजदूताच्या माथी मारता येणार नाही. मात्र जर्मनीला करारात बांधून ठेवता येईल ही आशाही त्यांनी दीर्घकाळ सोडली नाही, आणि माझ्या मते त्यांची खरी चूक ती होती. 28 सप्टेंबर 1938 रोजी सकाळी चेकोस्लोव्हाकियाचा कोणता प्रदेश जर्मनीला देता येईल हे दाखवणारा नकाशा घेऊन हिटलरकडे गेलेले राजदूत तेच होते. दुसऱ्या दिवशी म्यूनिकमध्ये त्या सौद्याची त्यांना लाज वाटत होती, आपल्याशी निष्ठावंत राहिलेल्या एकमेव मित्रराष्ट्राला फ्रान्स कसे वागवतो ते पाहा, असे ते उद्गारले, ही नोंद इटलीचे परराष्ट्रमंत्री चियानो यांच्या दैनंदिनीत आहे.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, 18 ऑक्टोबरला, हिटलरने त्यांना निरोपाच्या भेटीसाठी बेर्ख्टेसगाडेनजवळच्या पर्वतशिखरावरील घरात बोलावले. या भेटीवर त्यांनी पाठवलेला अहवाल फ्रेंच सरकारने 1939 मध्ये इतर कागदपत्रांसह प्रसिद्ध केला आणि तो अवश्य वाचावा असे मी सुचवेन. खडक फोडून काढलेला वळणावळणाचा रस्ता, डोंगराच्या पोटात जाणारा बोगदा, तांब्याच्या पत्र्याने मढवलेली लिफ्ट, आणि वर पोहोचल्यावर विमानातून दिसावा तसा चहूकडचा देखावा, हे सारे त्यांनी बारकाईने टिपले आहे. हे बांधकाम स्वस्थ मनाचे की महत्त्वाकांक्षेने आणि एकाकीपणाने पछाडलेल्या मनाचे, असा प्रश्न त्यांना पडला. यजमान त्या दिवशी शांत व सौजन्यशील होता. तरीही हाच माणूस चंचल व कपटी आहे आणि भयंकर उन्मादही करू शकतो, त्याच्याविषयी आपला कोणताही भ्रम नाही, असे त्यांनी कळवले. एका ललित लेखकाचे निरीक्षण आणि एका मुत्सद्द्याचा निष्कर्ष इतके एकरूप झालेले सरकारी अहवाल विरळाच असतात.

बर्लिनहून ते राजदूत म्हणून रोमला गेले. तेथील काळ कडू होता. नोव्हेंबर 1938 मध्ये त्यांच्यासमक्ष इटलीच्या संसदेत ट्युनिस, कॉर्सिका, नीस या फ्रान्सच्या ताब्यातील प्रदेशांच्या मागणीच्या घोषणा झाल्या. मुसोलिनीला हिटलरपासून दूर ठेवण्याच्या उद्देशाने ते तेथे गेले होते आणि तो उद्देश साधला नाही. 10 जून 1940 रोजी दुपारी चियानोंनी त्यांना युद्धाची घोषणा ऐकवली, तेव्हा फ्रान्स पडण्याच्या बेतात होता. आधीच कोसळलेल्या माणसावर हा खंजिराचा वार आहे, असे ते म्हणाले. आणि जर्मन हे कठोर धनी असतात, हे तुम्हालाही कळेल, असेही त्यांनी सुनावले. हे बोल चियानोंच्याच बाबतीत खरे ठरले: जर्मनांच्या तगाद्यामुळे मुसोलिनीने जानेवारी 1944 मध्ये चियानोंना, म्हणजे स्वतःच्या जावयाला, गोळ्या घालवल्या.

पराभवानंतर ते फ्रान्सला परतले आणि ग्रनोब्लच्या परिसरात राहिले. पराभवानंतर जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या मार्शल पेताँ यांच्या सरकारच्या सल्लागार मंडळाचे सदस्यत्व त्यांनी स्वीकारले होते, हे वगळून त्यांचे चरित्र सांगणे अप्रामाणिक ठरेल. 27 ऑगस्ट 1943 रोजी गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना अटक केली आणि माजी राष्ट्राध्यक्ष लब्रँ यांच्यासह ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातील इटर किल्ल्यात नेले. म्यूनिकला गेलेले दलादिएही त्याच किल्ल्यात कैदेत होते. पुढे ऑस्ट्रियातील हिर्शेग या डोंगरी गावातील एका हॉटेलात, नजरकैदेत, त्यांनी युद्ध संपेपर्यंतचे दिवस काढले. इटलीचे माजी पंतप्रधान निती हेही तेथे होते. मे 1945 मध्ये सुटका झाली. त्या कैदेतील दैनंदिनी त्यांनी 1952 मध्ये प्रकाशित केली.

त्यानंतर 1949 मध्ये फ्रान्सने त्यांनाच पश्चिम जर्मनीत उच्चायुक्त म्हणून पाठवले आणि 1955 पर्यंत ते तेथे होते. फ्रेंच अकादमीतील पेताँ यांच्या मृत्यूने रिक्त झालेली जागाही त्यांनाच मिळाली. 8 जानेवारी 1978 रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे पुत्र जाँ फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री झाले.