सोबत आलेल्या आजींचे बीपी

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. भावाला जाऊन तीन वर्षे झाली, वहिनी आणि अकरा वर्षांचा पुतण्या दोघेही एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या औषधांवर, आहेत आणि त्यांच्या तब्येती ठीक आहेत. त्यांचे सगळे पाहणारी त्रेसष्ट वर्षांची आई मात्र गावी खंगत चालली आहे, तिला झोप लागत नाही आणि विचारले की "मला काय धाड भरली आहे" म्हणून ती उठून जाते. पैसे वाढवून पाठवावेत की तिला पुण्याला आणावे, असे आपण विचारले आहे. मी सतरा वर्षे एका उपजिल्हा रुग्णालयाच्या लिंक एआरटी केंद्रात, म्हणजे ही औषधे गावाजवळ देणाऱ्या केंद्रात, समुपदेशक होते. त्या अनुभवावरून सांगते, या दोन्हींच्या आधी आईला जिच्याजवळ आजाराचे नाव मोकळेपणाने घेता येईल अशी एक व्यक्ती मिळायला हवी.

हे मला उशिरा कळले. एक आजी दर महिन्याला पहिल्या एसटीने नातवाला घेऊन यायच्या. औषध हाती पडले की बाहेरच्या बाकावर बसून बाटलीवरचा कागद नखाने खरवडायच्या आणि एसटीत गोळ्या वाजू नयेत म्हणून आत कापसाचा बोळा कोंबायच्या. चार वर्षे मी हे पाहत होते. नातवाचे वजन केले, उरलेल्या गोळ्या मोजल्या, रक्तातल्या प्रतिकारपेशींचा, म्हणजे सीडी४चा, आकडा लिहिला, पण आजींचे बीपी एकदाही मोजायला सांगितले नाही, कारण कार्ड त्यांच्या नावाचे नव्हते. एके दिवशी त्या रांगेतच खाली बसल्या तेव्हा ते मोजले गेले आणि १९०/११० निघाले. त्यांच्या बीपीच्या गोळ्या संपून दोन महिने झाले होते. नातवाच्या तारखेसाठी महिन्यात एक रोजगार बुडतोच, स्वतःसाठी दुसरा कशाला बुडवायचा, असा त्यांचा हिशोब होता. नातवाची एकही गोळी मात्र त्यांनी चुकू दिली नव्हती. ती चूक माझी होती, आणि त्यानंतर सोबत आलेल्या प्रत्येकाला मी आधी नर्सबाईंकडे पाठवू लागले.

गावात कोणाचे हृदयाचे ऑपरेशन झाले, कोणाची सून बाळंत झाली, तर शेजारून भाकरी येते, गुरांना कोणीतरी पाणी दाखवते, दवाखान्यात कोणीतरी सोबत जाते. ही मदत न मागताच येते, कारण घरात काय झाले आहे ते सर्वांना ठाऊक असते. एचआयव्हीच्या घरात कारणच सांगता येत नाही, म्हणून मदतही मागता येत नाही. आईला दर महिन्याच्या फेरीसाठी नवे निमित्त शोधावे लागते, बारशाला वा हळदीकुंकवाला गेले तर सून का आली नाही याचे उत्तर तयार ठेवावे लागते, आणि हळूहळू ती जाणेच बंद करते. बहुतेक घरांत नातवालाही "ताकदीच्या गोळ्या" म्हणून सांगितलेले असते, म्हणजे घराबाहेर एक गुपित आणि घरात दुसरे. आपले पैसे यात कुठेच पोहोचत नाहीत.

मात्र हे गुपित आईचे नाही, वहिनींचे आहे. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, विश्वासाने सांगितलेली अशी माहिती त्या व्यक्तीच्या जाणत्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगण्यास मनाई केली आहे. तेव्हा "आईने कोणाला सांगितले तर तुम्हाला चालेल?" हे आधी वहिनींना विचारा. विचारताना हेही लक्षात ठेवा, की त्या केवळ रुग्ण नाहीत. माझ्यासमोर आलेल्या कितीतरी बायकांनी आधी नवऱ्याची सेवा केली होती आणि त्यांची स्वतःची तपासणी नंतर झाली होती. त्या दुःखातून त्यांना बाहेर यायला कोणी वेळ दिलेला नसतो. नाव बहुधा एखाद्या मावशीचे निघते. नाहीच निघाले, तर एआरटी केंद्रातील समुपदेशकांना विचारून आईला एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या आधारगटाच्या बैठकीला न्या, कारण तिथे खोटे निमित्त सांगावे लागत नाही.

झिम्बाब्वेच्या हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून साध्या आजीबाईंना प्रशिक्षण देऊन दवाखान्यांबाहेरच्या बाकांवर मनाने खचलेल्या लोकांशी बोलायला बसवले. तिथल्या शोना भाषेत या त्रासाला 'फार विचार करणे' अशा अर्थाचाच शब्द आहे. आपल्याकडच्या बायकाही नैराश्य म्हणत नाहीत, "डोक्यातले विचार थांबत नाहीत" असेच सांगतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २४ दवाखान्यांतील ५७३ जण होते आणि सहा महिन्यांनंतर आजींशी बोललेल्यांचा त्रास इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळला. ते सगळे घरच्या रुग्णाची काळजी घेणारे नव्हते, हे खरे. पण ऐकणारी बाई शिकलेली डॉक्टरीणच असली पाहिजे असे नाही, एवढे त्यातून मला पटले. झोप नसणे आणि खंगणे असेच चालू राहिले, तर मात्र डॉक्टरांना दाखवाच. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

शरीराचेही पाहावे लागेल. आईचे बीपी, साखर आणि वजन या आठवड्यातच तपासून घ्या. एकत्र जेवल्याने, कपडे धुतल्याने वा अंग पुसल्याने एचआयव्ही होत नाही. टीबी मात्र हवेतून पसरतो आणि एचआयव्ही असलेल्यांना त्याचा धोका जास्त असतो. वहिनींना वा पुतण्याला कितीही दिवसांचा खोकला असला तरी, आणि घरात इतर कोणालाही दोन आठवडे खोकला राहिला तर, टीबीची तपासणी करून घ्यावी, आणि आईच्या वजन घटण्यामागे टीबी नाही ना, हेही डॉक्टरांना विचारावे.

पैशांबद्दल थोडक्यात सांगते. पुतण्यासाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करता येतो आणि वहिनींसाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात. दोन्हींची कागदपत्रे आपण स्वतः फिरून गोळा करा, ते काम आईवर टाकू नका.

आईला कायमचे पुण्याला आणू नये असे माझे मत आहे. त्या दोघांना गावी सोडून तिला पुण्यातही झोप लागणार नाही. माझ्याकडे आलेल्या आजींना रात्री जागवणारा प्रश्न बहुतेक वेळा एकच असे, "माझ्यामागे या लेकराचे कोण?" वर सांगितलेल्या एचआयव्ही कायद्यानुसार एचआयव्हीबाधित कुटुंबातील मुलाचे आई किंवा वडील आपल्या मागे वा आपण असमर्थ झाल्यास पालक कोण असावा, हे इच्छापत्राने ठरवू शकतात. वहिनींची तयारी असेल तर त्यात आपले नाव घालून घ्या आणि तो कागद आईला वाचून दाखवा.

आणि औषधांची पुढची तारीख कोणती, ते आजच विचारून घ्या. त्या दिवशी रजा काढून पुतण्याला आपण घेऊन जा, आईला घरी राहू द्या.